बिनखुर्चीची बोट

आमच्या यार्डात बोट बघायला येणारी माणसं आल्या आल्या इंजिनांची ताकद विचारतात. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठून जातं?" म्हणजे मागच्या मोकळ्या भागात बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठल्या भोकातून बाहेर पडतं आणि मागे काही साचून राहतं का. सेल्समनला उत्तर येईना. त्याने मला बोलावून घेतलं आणि हळूच म्हणाला, "ही इज वन ऑफ युवर्स." म्हणजे भारतीय. मी शेडमध्ये गेले तर सत्तरीकडे झुकलेला एक उंच माणूस, करड्या कोटाच्या खिशांत दोन्ही हात घालून, अर्धवट बांधलेल्या बोटीभोवती फेऱ्या मारत होता. मी नमस्कार केला तरी थांबला नाही. शेवटी मीच बरोबरीने चालायला लागले, आणि पुढे बोट पूर्ण होईपर्यंत मी डॉक्टरांबरोबर चालतच होते.

आमचं यार्ड दक्षिण न्यू जर्सीत, एका लहानशा नदीच्या काठावर आहे. मी तिथली डिझायनर. समुद्रात खूप आत जाऊन मोठे मासे पकडायची हौस असलेल्या श्रीमंत माणसांसाठी आम्ही बोटी बांधतो. पुढे उंच नाक, मध्ये सोफे, स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या असलेलं एक गुळगुळीत घर, त्याच्यावर कप्तानाचा मजला, त्याच्याही वर मासे हेरायला अॅल्युमिनियमचा मनोरा. आणि मागे, पाण्याला जवळजवळ टेकलेलं, सागवानी फळ्यांचं एक अंगण. त्याला कॉकपिट म्हणतात. बाकीची बोट कितीही देखणी असो, खरा खेळ तिथेच होतो.

त्या कॉकपिटच्या मधोमध एक खुर्ची असते. भक्कम, गोल फिरणारी, पुढे पाय रोवायला फळी असलेली. मोठा मासा लागला की कुणीतरी तिच्यात बसायचं, रॉडचा, म्हणजे गळाच्या काठीचा, बुंधा मांडीपुढच्या खोबणीत रोवायचा आणि मासा ओढत आणायचा. दुसऱ्याने मागे उभं राहून खुर्ची सतत माशाच्या दिशेला फिरवत राहायचं. नाहीतर मासा डावीकडे आणि माणसाचं तोंड उजवीकडे असा प्रकार होतो. गिऱ्हाइकं या खुर्चीचं लाकूड निवडण्यात तासन्‌तास घालवतात. वधूवरांच्या खुर्च्यांचंसुद्धा इतकं कौतुक होत नाही.

मी दाखवलेली एक तयार बोट डॉक्टरांनी पूर्ण पाहिली, इंजिनरूममध्ये वाकून आले, मनोऱ्याच्या शिडीला हात न लावता नुसतं वर पाहिलं आणि म्हणाले, "सगळं छान आहे. ती खुर्ची मात्र नको."

"काका, खुर्चीशिवाय ही बोट म्हणजे—"

"नको म्हटलं ना. मला उभ्याने काम करायची सवय आहे."

आमचा फोरमन डग दक्षिण जर्सीतच जन्मला, तिथेच वाढला. त्याच्या बापानेही इथेच बोटी बांधल्या. त्याने हे ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. डग फार अस्वस्थ झाला की एवढंच करतो.

उभ्याने काम करायची सवय ही थाप नव्हती. डॉक्टर जन्मभर पोटाचे सर्जन होते. जन्म वाशिमकडचा, पोहायला शिकले विहिरीत, आणि समुद्र पाहिला तोही बऱ्याच उशिरा. माझ्या ऑफिसात आले की खुर्ची पुढे केली तरी बसायचे नाहीत. खिडकीपाशी जायचे, दारापाशी यायचे, भिंतीवरचे नकाशे वाचायचे. चहा विचारला तर "आत्ताच झाला" हे उत्तर ठरलेलं. वेस्ट विंडसरहून निघून दीड तास गाडी चालवत आलेल्या माणसाचा चहा आत्ताच कुठे झाला, हे मी विचारायचे नाही. "बसलं की माणूस बसतोच," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्याबरोबर रिटायर झालेले सगळे स्नेही बसले आणि बसूनच राहिले, असा त्यांचा सिद्धांत होता.

आम्ही कुठलीही मोठी बोट बांधण्याआधी तिच्या कॉकपिटचा आणि आतल्या खोल्यांचा प्लायवूडचा सांगाडा शेडमध्ये खऱ्या मापाने उभा करतो. गिऱ्हाईक त्यात फिरून बघतं. बहुतेक लोक दहा मिनिटं फिरतात, फोटो काढतात आणि जेवायला जातात. डॉक्टर त्यात राहायला आल्यासारखे यायचे. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. कॉकपिटच्या बरोबर मध्ये उभे राहायचे, समोर जमिनीवरच्या एका बिंदूकडे नजर लावायचे आणि वर न बघता उजवा हात बाजूला पसरायचे. "सिस्टर, नाइफ."

पहिल्यांदा मला कळेना की ही सिस्टर कोण. मग कळलं की मीच. जिथे त्यांचा हात पोचला तिथे डग प्लायवूडवर खडूने फुली मारायचा, आणि सुऱ्यांचा खण तिथेच यायचा. "सिस्टर, क्लॅम्प," म्हटलं की पकडींची जागा ठरायची. "सक्शन," म्हटलं की पाण्याच्या नळीची. जिवंत आमिष ठेवायची टाकी, बर्फाचा कप्पा, हात धुवायचं बेसिन, सगळ्या जागा अशाच ठरल्या. हात पुढे व्हायचा तो झटकन आणि लगेच खिशात परत जायचा. डग मला म्हणाला, "आयुष्यात एवढं सोयीचं कॉकपिट मी बांधलेलं नाही." आणि दोन दिवसांनी म्हणाला, "पण हे खण पहिल्याच लाटेला उघडतील."

ते मी डॉक्टरांना सांगितलं. "काका, बोट डुलते. प्रत्येक खणाला कडी लागेल, आणि कडी लागली की एका हाताने उघडता येणार नाही."

ते विचारात पडले. "पेशंट हलेल हे लक्षातच आलं नाही बघ माझ्या."

"इथे भूल देता येत नाही."

त्यावर ते मनापासून हसले, आणि दुसऱ्या दिवशी सगळे खण पुन्हा नव्याने मांडायला घेतले. शेडमध्ये फुल्यांवर फुल्या चढल्या. यार्डाच्या मालकाने मला बोलावून विचारलं की ही बोट कधीतरी पाण्यात जाणार आहे का. मी हो म्हटलं, पण मलाही खात्री नव्हती. मला तर वाटायला लागलं होतं की डॉक्टरांना बोट नकोच आहे. सकाळी उठून जायला एक जागा हवी आहे.

मग डॉक्टरांच्या बायकोने, काकूंनी, मला जेवायला बोलावलं. काकूंचं घर शुद्ध शाकाहारी, इतकं की मी मासेमारीच्या बोटी बांधते म्हणून त्यांनी मला आधी हात धुवायला लावले की काय, अशी मला शंका आली. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, कढी. डॉक्टर जेवायला बसले ते टेबलाच्या टोकाला, आमच्यापासून जरा लांब. कढी त्यांना वाटीत नाही, कॉफीच्या जाड मगमध्ये दिली होती आणि तीही अर्धीच. जेवण होताच ते उठले आणि बाहेर अंगणात येरझाऱ्या घालू लागले. खिडकीतून त्यांचा कोट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जाताना दिसत होता.

काकू म्हणाल्या, "तुला कळलंच असेल. हात थरथरतात त्यांचे."

कळलं होतंही आणि नव्हतंही. मनात कुठेतरी नोंद होती, पण मी त्यांच्यासारखीच तिच्याभोवती फेऱ्या मारत होते.

"ऑपरेशन त्यांनी स्वतः बंद केलं. कुणाच्या लक्षात यायच्या आत. एकही पेशंट बिघडला नाही त्यांच्या हातून, हे लक्षात ठेव. वाईट आजार वगैरे नाही म्हणतात, नुसती थरथर. नुसती म्हणे. सर्जनला नुसती." काकूंनी भांडी सिंकमध्ये ठेवली. "रिटायर झाले तेव्हा त्यांचा एक जुना पेशंट त्यांना त्याच्या बोटीवर घेऊन गेला. परत आले ते असे काही खूश. म्हणाले, तिथे कुणी बसलेलं नव्हतं गं, प्रत्येकाला आपलं काम, सगळ्यांचं लक्ष मध्ये. आपलं थिएटरच. मी म्हटलं, चला, काहीतरी सापडलं. मग कळलं की तिथे त्यांना त्या खुर्चीत बसवलं होतं. हातात रॉड दिला. आणि त्यांचे हात बघून कुणीतरी हसलं. 'डॉक, आर यू दॅट स्केअर्ड?' असं काहीतरी. त्याच्या मनात वाईट नसेलही. पण यांनी रॉड परत दिला आणि पूर्ण प्रवास आत सोफ्याशेजारी उभे राहिले."

"म्हणून खुर्ची नको."

"म्हणून. थिएटर पाहिजे, पण मधली जागा नको." काकूंनी नळ बंद केला. "मला एकच भीती आहे. ही एवढी बोट बांधतील आणि बंदरात ठेवून देतील. रविवारी जाऊन तिच्याभोवती चकरा मारतील. आणि मग संपलं. पुढे काही उरलं नाही त्यांच्याजवळ."

त्या दिवसापासून ती बोट माझ्या दृष्टीने एक काम राहिली नाही. रात्री उशीवर डोकं टेकलं तरी ती खुर्ची डोळ्यापुढे यायची, आणि डॉक्टरांचा रागही यायचा, की एवढा हुशार माणूस एका फालतू हसण्याला इतका कसा घाबरला. मग माझाच मला राग यायचा.

डॉक्टरांना स्वतःलाही चैन नव्हतं. त्यांचं मन आता जायरोवर बसलं होतं. जायरो म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं एक जड चाक. ते आतल्या आत प्रचंड वेगाने फिरतं आणि बोटीचं डुलणं कमी करतं. एक पुरतो. डॉक्टरांना दोन हवे होते. दोन बसवले तर पाण्याची टाकी लहान होईल, असं मी म्हटलं तर म्हणाले, "होऊ दे. बोट हलता कामा नये." यार्डात चाचणीसाठी एक जायरो सुरू केला होता. डॉक्टरांनी खिशातून हात काढला आणि तळवा त्याच्या घुमटावर टेकवला. बराच वेळ तसेच उभे राहिले. "एवढं फिरतंय आणि वरून काही कळत नाही," ते म्हणाले. मी दुसरीकडे पाहिलं. दोन जायरो बसवले.

देव्हाऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी. बोटीवर देव्हारा पाहिजे ही काकूंची अट, आणि देवाचं तोंड पूर्वेला पाहिजे ही पोटअट. डग म्हणाला, बोटीला पूर्व नसते, ती फिरते. डॉक्टरांनी यावर गंभीरपणे विचार केला आणि तोडगा काढला. बोट बंदरात जिथे बांधणार, तिथे कुठली बाजू पूर्वेला येते ते बघायचं. मी स्वतः होकायंत्र घेऊन बंदरात गेले. माप घेतलं, जिन्याशेजारी सुंदर सागवानी कोनाडा काढला. मग बंदरवाल्यांनी डॉक्टरांना समोरच्या रांगेतली जागा दिली आणि गणपतीचं तोंड बरोबर पश्चिमेला झालं. डॉक्टर म्हणाले, बोट उलटी लावू. या बोटी नेहमी मागच्या बाजूने धक्क्याला लागतात, कॉकपिटमधून चढता यावं म्हणून. ही एकटीच नाक धक्क्याकडे करून उभी राहणार, आणि मालकाला चढायचं तर उंच नाकावरून उडी मारावी लागणार. डॉक्टरांनी बोटीसाठी ठेवलेल्या कप्तानाने मला बाजूला घेऊन विचारलं, "इज इट अ रिलिजस थिंग ऑर अ मेडिकल थिंग?" शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, त्याला जिकडे बघायचं तिकडे बघू दे. कॅन्सल करा ती भानगड." मिटलं.

खुर्चीचं मात्र मिटत नव्हतं. कॉकपिटच्या फळ्या बसवण्याआधी खाली धातूची जाड पाटी बसवावी लागते, तिच्यावर खुर्चीचा खांब उभा राहतो. एकदा फळ्या बसल्या की सगळं उकरावं लागतं. मी डॉक्टरांना पुन्हा विचारलं. ते प्लायवूडच्या मधोमध उभे होते. म्हणाले, "इथे मी उभा राहणार. खुर्ची आली तर मी कुठे?" मी कॉकपिटभोवती त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या, पण ते बधले नाहीत. त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला.

"खुर्ची बसव."

"काकू, काकांनी नको म्हटलंय."

"बोट दोघांच्या नावावर आहे. मी सांगते, बसव. घरात बसत नाहीत, दुसऱ्यांकडे बसत नाहीत. या माणसाला कुठेतरी बसता आलं पाहिजे गं."

पाटी बसली, तिच्यावर खांब आला, खांबावर खुर्ची आली. डगने तिच्या लाकडाला इतकी पॉलिशं दिली की तिच्यात तोंड बघावं. ताबा घेण्याच्या दिवशी डॉक्टर बोटीवर चढले आणि खुर्चीपाशी थबकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू नदीकडे पाहत होत्या. डॉक्टरांनी अंगातला कोट काढला, तिच्या पाठीवर टाकला आणि तिच्याभोवती वळसा घालून आत गेले. पुढचे काही आठवडे ते रोज बंदरात जात, बोट पुसून घेत, जायरो चालू-बंद करून बघत. समुद्रावर जायचं नाव नाही. आज वारा आहे, उद्या ढग आहेत. काकूंची भीती खरी ठरणार असं मला वाटायला लागलं.

शेवटी तारीख काकूंनीच ठरवली आणि मला फोन केला, "तू ये, डगला आण. मासा मारायचा नाही, सोडून द्यायचा, एवढं सांग त्यांना." पहाटे निघालो. कप्तान वरच्या मजल्यावर, आम्ही चौघं खाली. किनारा दिसेनासा झाला, पाणी हिरव्याचं निळं झालं. जायरो दोन्ही चालू होते, तरी बोट जरा डुलतच होती, कारण समुद्र म्हटला की तो डुलणारच. डॉक्टर कॉकपिटमध्ये या कडेकडून त्या कडेला चालत होते. डगने गळाच्या दोऱ्या सोडल्या. खण, बेसिन, बर्फाचा कप्पा, सगळं हाताशी होतं. मधली खुर्ची रिकामी होती, पाठीवर नुसता डॉक्टरांचा कोट. काकू पायांत बूट आणि अंगात नारिंगी लाइफ जॅकेट घालून आतल्या पायरीवर बसल्या होत्या आणि मळमळू नये म्हणून आवळासुपारी चघळत होत्या.

दुपार कलायच्या सुमारास एका रॉडवरचं दोरीचं रीळ किंचाळत सुटलं. वरून कप्तान ओरडला, "मार्लिन. लेफ्ट साइड." मागे दूर पाण्यातून एक लांब चोचीचा मासा उभाच्या उभा वर आला आणि पडला. डगने रॉड उचलला, तो वाकून कमान झाला होता. त्याने खुर्चीवरचा कोट बाजूला फेकला आणि म्हणाला, "डॉक."

डॉक्टर जागेवर उभे होते. दोन्ही हात पँटच्या खिशांत. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. जायचं होतं त्यांना. पाय उचलत नव्हता. रीळ सुटतच होतं.

"मी बसते," काकू म्हणाल्या.

"तू?"

"हो, मी. डग, टेल मी व्हॉट टू डू." आणि त्या खरंच जाऊन बसल्या. जन्मात कधी मासा न शिजवलेल्या बाईने पाय फळीला रोवले, डगने रॉड खोबणीत बसवला, कमरेला पट्टा बांधला. मला कळलं की त्या कशासाठी बसल्या. अर्धा मग भरायची ती बाई, नवऱ्याची लाज झाकायला त्या क्षणी मार्लिनशीही झुंजली असती.

मासा उजवीकडे वळला. डगला कडेला जाऊन दोरी सांभाळायची होती. "डॉक, टर्न हर. समबडी हॅज टु टर्न द चेअर."

मी पुढे होणार होते. डगने मला डोळ्याने थांबवलं. डॉक्टरांनी खिशातून हात काढले आणि खुर्चीची पाठ धरली. हात जोरात थरथरत होते. त्या लख्ख लाकडावर ते अगदी स्पष्ट दिसत होतं. मी कप्तानाकडे पाहिलं, डगकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष डॉक्टरांच्या हातांकडे नव्हतं. सगळे माशाकडे बघत होते. डॉक्टरही. मासा जाईल तिकडे ते काकूंना फिरवत होते, हळू, नेमकं, जराही धक्का न देता.

काकूंना धाप लागली होती. दोन्ही दंड लटलटत होते, रॉडचं टोक वर-खाली होत होतं. "अहो," त्या म्हणाल्या, "हात थरथरतायत माझे. काही केल्या थांबत नाहीत."

"थरथरू देत," डॉक्टर म्हणाले. "तू सोडू नकोस."

मग त्यांची नजर माशावरून आपल्या हातांकडे गेली. बहुधा त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या रीळ गुंडाळत राहिल्या.

मासा बोटीशी आला तेव्हा निळा-जांभळा चमकत होता. डगने वाकून गळ काढला, त्याला क्षणभर पाण्यात धरलं आणि सोडून दिलं. काकूंनी हात जोडले, माशाला की डगला कोण जाणे. पट्टा सोडला आणि त्या हात चोळत खुर्चीतून उतरल्या. डॉक्टर अजून पाठ धरूनच उभे होते.

"आता सरक," ते म्हणाले.

ते पुढून आले आणि बसले. पाय फळीवर ठेवले, हात खुर्चीच्या दोन दांड्यांवर ठेवले, उघड्यावर. डगने पुन्हा दोऱ्या सोडल्या. बराच वेळ काही लागलं नाही. ऊन उतरायला लागलं. हात थरथरत होते आणि डॉक्टर ते झाकत नव्हते. मला रडू आलं, आणि ते कुणापासून लपवावं असं मलाही वाटलं नाही.

वरून कप्तानाने विचारलं, "डॉक, शाल वी हेड होम?"

काकूंनी सवयीने उठून आवराआवर सुरू केली. डॉक्टर समुद्राकडेच बघत होते.

"नॉट येट," ते म्हणाले, आणि मग काकूंना, "बस गं. काय घाई आहे?"